गुदगुल्यांपासून प्रहसनापर्यंत

हसणे ही मुळात श्वासाची क्रिया आहे. बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल एकामागून एक झटके देतात, छातीतली हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते आणि स्वरयंत्रातून जाताना तिचा ‘हा-हा’ किंवा ‘ही-ही’ होतो. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याच्या ध्वनिमुद्रणांचे मोजमाप केले, तेव्हा असा एक ‘हा’ सेकंदाच्या सुमारे तेराव्या भागाइतका भरला. एका ‘हा’च्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. कुणाचा आवाज जाड, कुणाचा किनरा, पण ही लय फारशी बदलत नाही. हसू अनावर झाले की बोलता येत नाही, डोळ्यांत पाणी येते, अंगातले बळ गळून जाते. इतकी अडचण करणारी ही क्रिया निसर्गाने माणसात टिकवून ठेवली, तेव्हा तिला काहीतरी कारण असले पाहिजे.

हसणे हुकमी नाही, हे वैद्यकाला फार पूर्वी कळले. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंडाचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू माणूस इच्छेने हलवू शकतो. डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू मात्र सहसा खऱ्या आनंदातच आकुंचन पावतो, असे त्यांनी दाखवले. फोटोसाठी आणलेले हसू बहुधा डोळ्यांपर्यंत पोचत नाही ते यामुळे. मेंदूत या दोहोंचे मार्गही वेगळे आहेत. झटका येऊन अर्धा चेहरा लुळा पडलेल्या काही रुग्णांना ‘हसा’ म्हटले तर ओठाची ती बाजू हलत नाही, आणि कुणी गमतीचे बोलले की तीच बाजू सहज उचलली जाते. उलट काही रुग्णांना मनात आनंदाचा लवलेश नसताना हसण्याचे झटके येतात. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये जन्मतःच गाठ असलेल्या मुलांत हसणे हेच अपस्माराचे लक्षण असू शकते. हसणे आणि आनंद यांची सांगड नेहमीची आहे, अतूट नाही.

माणूस हसायला शिकत नाही. मूल दीड-दोन महिन्यांचे झाले की समोरच्या चेहऱ्याकडे पाहून स्मित करते आणि तीन-चार महिन्यांच्या सुमारास आवाज काढून हसू लागते. जन्मापासून ऐकू न येणारी आणि न दिसणारी मुलेही हसतात. त्यांनी तर कुणाचे हसणे पाहिलेले-ऐकलेलेच नसते. लंडनमधले लोक आणि नामिबियातील दुर्गम वाड्यांत राहणारे हिंबा लोक यांना एकमेकांचे भावनादर्शक आवाज ऐकवण्याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही आवाज एका बाजूला कळले आणि दुसऱ्या बाजूला कळले नाहीत, पण गुदगुल्यांचे हसणे दोन्हीकडे ओळखू आले.

गुदगुल्यांपाशीच हसण्याच्या उगमाचा धागा सापडतो. डार्विन यांनी १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिताना, चिंपांझीच्या पिलाला काखेत गुदगुल्या केल्या तर ते हसल्यासारखा आवाज काढते, याकडे लक्ष वेधले होते. २००९ साली मरिना डाविला-रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो यांची पिले आणि माणसाची बाळे यांच्या गुदगुल्यांच्या आवाजांची तुलना केली. जी प्रजाती माणसाला वंशाने जवळची, तिचे आवाजही माणसाच्या हसण्याला जवळचे निघाले. याचा अर्थ हसण्याचे मूळ निदान एक कोटी वर्षांहून जुने, या सर्वांच्या सामाईक पूर्वजापर्यंत जाते. याक पँक्सेप यांनी तर गुदगुल्या केलेले उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा चिवचिवाट करतात असे दाखवले. गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे ते उंदीर पुन्हा पुन्हा धावत जात.

आता गुदगुल्या म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. पोट, काखा, मान या शरीराच्या नाजूक, शत्रूने आधी गाठाव्यात अशा जागा. तिथे दुसऱ्याची बोटे अचानक येतात. वरकरणी हा हल्लाच असतो. आईने किंवा मामाने केल्या तर मूल खिदळते. तेच अनोळखी माणसाने केले तर भोकाड पसरते. बोटांची हालचाल तीच असते, फरक पडतो तो विश्वासाने. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, कारण आपल्या हालचालीचा अंदाज अनुमस्तिष्काला आधीच असतो आणि ते ती संवेदना बोथट करते. सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन हे तपासले. तेव्हा हसू यायला दोन गोष्टी लागतात: अनपेक्षित धक्का, आणि धक्का देणारा आपला आहे ही खात्री. झोंबाझोंबी करणारी चिंपांझीची पिले तोंड सैल उघडून धापा टाकत हसतात ती एकमेकांना हेच कळवण्यासाठी, की चावलो तरी हा खेळ आहे. ‘बुवाऽ कुक’ करताना बाळ हसते तेही याच न्यायाने. आईचा चेहरा नाहीसा होतो, ही बाळासाठी लहान गोष्ट नव्हे. पण तो लगेच परत येतो.

मोठ्यांचे हसणे या खेळापासून दूर गेलेले दिसते, तरी त्याची जात बदललेली नाही. प्रोव्हाइन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाजार, पदपथ, महाविद्यालयाचे आवार अशा ठिकाणी सहज बोलणाऱ्या लोकांच्या हसण्याचे १,२०० प्रसंग टिपून घेतले. हसण्याच्या आधी उच्चारलेल्या वाक्यांपैकी ज्यांना कसाबसा विनोद म्हणता येईल अशी वाक्ये २० टक्क्यांपेक्षाही कमी निघाली. बाकीची ‘चला, निघतो आता’ किंवा ‘भेटू मग’ अशा धाटणीची होती. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच अधिक हसतो आणि एकट्यापेक्षा सोबतीत माणूस सुमारे तीसपट अधिक हसतो, असेही आढळले. हसण्याचे कोडे विनोदापासून सोडवायला बसणाऱ्यांची इथेच फसगत होते. रोजच्या हसण्याचा मोठा भाग विनोदासाठी नसतो. दोन माणसांमधले सारे ठीक आहे, एवढेच ते सांगत असते, आणि ऐकणाऱ्याला ते अचूक कळते. ग्रेग ब्रायंट यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात २४ समाजांतील ९६६ लोकांना दोघांच्या एकत्र हसण्याचे जेमतेम सेकंदभराचे तुकडे ऐकवण्यात आले. हसणारे मित्र की अनोळखी, हे नुसत्या आवाजावरून सुमारे ६१ टक्के वेळा बरोबर ओळखले गेले.

हसणे एकापासून दुसऱ्याला लागते, हेही त्याच्या सामाजिक मुळाला धरूनच आहे. मात्र या संसर्गात आनंदच असतो असे नाही. तेव्हाच्या टांगानिकात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या काशाशा गावातील मुलींच्या वसतिगृह-शाळेत ३० जानेवारी १९६२ रोजी तीन मुली हसू लागल्या. पुढच्या काही आठवड्यांत १५९ पैकी ९५ मुलींना हसण्याचे आणि रडण्याचे झटके आले; काहींचे काही तासांत थांबले, काहींचे सोळा दिवस टिकले. १८ मार्चला शाळा बंद करावी लागली. ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते, पण त्या मुली बेचैन होत्या, भेदरलेल्या होत्या. मनावरच्या ताणाने समूहात पसरलेला तो आजार होता, असेच आज अभ्यासक मानतात.

याच संसर्गाचा विधायक उपयोग मुंबईत झाला. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज कुणीतरी विनोद सांगायचा. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि कुणाला तरी बोचणारे विनोद सुरू झाले. तेव्हा कटारिया यांनी विनोद बाजूला ठेवला आणि कारणाशिवाय, व्यायाम म्हणून हसायला सांगितले. आधी ओढूनताणून काढलेला ‘हो-हो-हा-हा’ समोरच्याच्या डोळ्यांत पाहताच खरा होऊ लागला. आज महाराष्ट्रातल्या शहरांत सकाळच्या बागांमधून तो ऐकू येतो. अशा हसण्याचे औषधी गुण पुष्कळदा वाढवून सांगितले जातात. भक्कम पुरावा आहे तो मर्यादित गोष्टींचा. रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत विनोदी चित्रफिती एकत्र पाहून मनमोकळे हसलेल्यांची वेदना सहन करण्याची क्षमता नंतर वाढलेली आढळली. फिनलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मित्रांबरोबर हसताना मेंदूत वेदनाशामक एंडॉर्फिने स्रवतात, असे दिसले. एकट्याने हसून रोग बरे होतात, असे यातून सिद्ध होत नाही. एकत्र हसल्याने माणसे एकमेकांना धरून राहतात, हे मात्र नक्की दिसते.

मग विनोद हसवतो कसा? भारतात या प्रश्नाचा सर्वांत जुना पद्धतशीर विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. ‘हास’ हा स्थायीभाव, त्यापासून हास्यरस. त्याचे विभाव, म्हणजे तो जागवणारी कारणे: विकृत वेष, भलत्या जागी घातलेले अलंकार, धार्ष्ट्य, असंबद्ध बोलणे, व्यंग. स्वतः हसणे आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवणे परस्थ. हसण्याच्या सहा पायऱ्याही भरताने सांगितल्या: दात न दिसणाऱ्या स्मितापासून हसित, विहसित, उपहसित, अपहसित अशी चढत ती डोळ्यांत पाणी आणून कुशी धरायला लावणाऱ्या अतिहसितापर्यंत जातात. पहिल्या दोन उत्तम पात्रांच्या, मधल्या दोन मध्यमांच्या, शेवटच्या दोन अधमांच्या. मोठ्याने हसण्याचा हक्क आणि बदनामी दोन्ही खालच्या पायरीला, ही वाटणी शरीराने केलेली नाही, समाजाने केलेली आहे. भरताचा भाष्यकार अभिनवगुप्त याने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात या साऱ्याचे सूत्र पकडले: हास्याच्या मुळाशी अनौचित्य असते. रावणाने सीतेवरच्या प्रेमाने झुरावे, हा शृंगार जागा चुकलेला आहे; म्हणून तो शृंगाराचा आभास ठरतो आणि हास्याकडे झुकतो.

युरोपात विचार वेगळ्या वाटांनी गेला. इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज यांनी १६५१ साली मांडले, की दुसऱ्याचे न्यून दिसून आपल्या श्रेष्ठत्वाची एकदम जाणीव होते, म्हणून माणूस हसतो. केळीच्या सालीवरून घसरणाऱ्याला पाहून येणारे हसू यात बसते. पण फ्रान्सिस हचिसन यांनी १७२५ साली त्यावर सरळ बोट ठेवले: असे असेल तर बग्गीतून जाणाऱ्या श्रीमंताला रस्त्यावरचे भिकारी पाहून हसू फुटायला हवे; प्रत्यक्षात त्याला रडू येण्याचा संभव अधिक. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६० मध्ये हसणे म्हणजे साठलेल्या ऊर्जेचा निचरा मानले, आणि फ्रॉइड यांनी १९०५ च्या ग्रंथात तो विचार मनाच्या तळघरात नेला: काम आणि क्रोध दाबून ठेवण्यात खर्च होणारी शक्ती विनोदाने मोकळी होते. चावट विनोद का टिकून राहतात, हे यातून कळते. निरागस कोटी का हसवते, हे कळत नाही.

तिसरी वाट विसंगतीची. इमान्युएल कांट यांनी १७९० साली तिचे उदाहरण म्हणून चक्क सुरतेची गोष्ट दिली आहे. एका इंग्रजाच्या मेजावर बिअरची बाटली उघडते, फेस उसळून बाहेर येतो, एक भारतीय पाहुणा थक्क होतो. आश्चर्य कसले, असे विचारल्यावर तो सांगतो, की फेस बाहेर आला याचे नवल नाही, तो आत कसा भरला याचे आहे. कांट म्हणतात, आपण त्या माणसाहून शहाणे आहोत म्हणून हसत नाही. ताणलेली अपेक्षा एकदम विरून जाते म्हणून हसतो. हे पूर्णपणे पटण्यासारखे नाही. अडाणी म्हणून निवडला गेला तो भारतीयच, यात हॉब्जचा श्रेष्ठत्वभाव डोकावतोच. तरीही सुरतेतला वाचकसुद्धा या गोष्टीला हसतो, कारण त्या प्रश्नात एक उलटे पण सुसंगत तर्कशास्त्र आहे. विसंगती नुसती असून भागत नाही. क्षणभर ती जुळावी लागते.

एसटी स्टँडवरचा एक विनोद घेऊन हे तपासता येते. आजोबा चौकशीच्या खिडकीत विचारतात, ‘साताऱ्याची शेवटची गाडी कधी?’ आतून उत्तर येते, ‘ती बघायची म्हंजे अजून लई वर्सं जगायला लागंल, बाबा.’ ऐकणारा आजच्या वेळापत्रकाच्या वाटेने निघालेला असतो, आणि उत्तर त्याला दुसऱ्याच वाटेवर नेऊन उभे करते; दोन्ही वाटा ‘शेवटची’ या एकाच शब्दातून फुटतात. वयस्कर माणसाशी त्याच्या मरणाविषयी बोलू नये, हा संकेत मोडला जातो. मरणाची दडपलेली धास्ती मोकळी होते. खिडकीतला माणूस वरचढ ठरतो. कांट, फ्रॉइड आणि हॉब्ज तिघांचेही थोडे थोडे खरे होते. पण आजोबा खरोखर अखेरच्या आजारात असतील आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर तेच उत्तर क्रूर वाटते आणि हसू मावळते. शब्द, विसंगती, मोडलेला संकेत सारे जागेवर असते. नाहीशी होते ती फक्त ‘इजा नाही’ ही खात्री.

ही अट ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’त आधीच आहे: हास्यास्पद म्हणजे असा दोष किंवा विरूपता, जिने कुणाला वेदना किंवा हानी होत नाही, विनोदी मुखवटा वेडावाकडा असतो, पण दुखरा नसतो. पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० साली हेच प्रयोगांनी तपासून मांडले: काहीतरी बिघडले आहे आणि तरीही सारे ठीक आहे, हे दोन्ही एकाच वेळी वाटले की माणूस हसतो. ‘सँडी’ चक्रीवादळ २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्याविषयीचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवले गेले. संकट अंगावर असताना ते खटकले, सुमारे ३६ दिवसांनी सर्वांत गमतीचे वाटले आणि तीन महिन्यांनंतर फिके पडले. अभिनवगुप्ताचे अनौचित्य, ॲरिस्टॉटलची वेदनारहितता आणि चिंपांझीच्या पिलाचा लुटुपुटीचा चावा ही एकाच गोष्टीची तीन रूपे आहेत. गुदगुल्यांत हल्ला शरीरावर असतो. विनोदात तो अपेक्षेवर, संकेतावर, प्रतिष्ठेवर असतो.

मराठीत विनोदाची स्वतंत्र मीमांसा लवकर झाली. नरसिंह चिंतामण केळकर यांचे ‘सुभाषित आणि विनोद’ १९०८ साली आले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहिली. केळकरांच्या पहिल्या ग्रंथाच्या काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ‘सुदाम्याचे पोहे’मधून रूढी, मुहूर्त, सणवार यांतला वेडगळपणा कोट्यांच्या भडिमाराने उघडा करत होते, आणि राम गणेश गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ त्याच वाटेने निघाला होता. कोल्हटकरांच्या काही कोट्या आजच्या वाचकाला जड जातात. त्याचे कारण सरळ आहे: मोडलेला नियम हसवण्यासाठी तो नियम आधी अंगवळणी असावा लागतो. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबने १९२५ साली स्फोटासारखी वाजली, कारण मूळ कविता आणि ती म्हणण्याची तऱ्हा लोकांच्या कानांत ताजी होती. चि. वि. जोशी यांचा चिमणराव मात्र अजून तितकाच जवळचा वाटतो. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या या विद्वानाने स्वतःची फजिती स्वतःच, आणि तीही अगदी गंभीरपणे सांगणारा निवेदक निर्माण केला. आपण हास्यास्पद आहोत हे चिमणरावाला दिसत नाही, वाचकाला दिसते. तरी वाचक त्याला तुच्छ लेखत नाही, कारण तो धांदरटपणा घरोघरचा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील भाडेकरूंविषयीही असाच आपलेपणा वाटतो. हॉब्जच्या सिद्धान्ताला मराठी साहित्याने दिलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे: श्रेष्ठत्वाशिवायही माणूस माणसाला हसू शकतो.

हसण्याची दुसरी बाजू कठोर आहे. आँरी बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावरच्या ग्रंथात दाखवले, की हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, आणि ताठर, यंत्रवत वागणाऱ्याला वठणीवर आणण्यासाठी समाज हास्याची शिक्षा वापरतो. ही शिक्षा नेहमी योग्य माणसाला होते असे नाही. तोतरे बोलणे, काळा रंग, जात, अपंगत्व, बायकी चालणे यांवरच्या विनोदांत हसणारे एकत्र येतात ते एकाला बाहेर ठेवून. ‘गंमत केली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ हे वाक्य अशा वेळी ऐकू येते. इजा नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याला लागले त्याच्याकडे असायला हवा. तो मारणाऱ्याने स्वतःकडे घेतलेला असतो.

हेच हत्यार खालून वरही चालते. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत. खादाड, बेढब, आणि राजाला तोंडावर टोकू शकणारा. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी मावशी प्रत्यक्ष कृष्णाशी हुज्जत घालते; ही मावशी परंपरेने पुरुषच रंगवत आला. वगातला सोंगाड्या राजा, पाटील, सावकार कुणाचीही भीड ठेवत नाही, आणि खेळ आहे म्हणून त्याला ते माफ असते. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिताना याच माफीचा नेमका उपयोग केला. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेचे भय घालून लुबाडणारा जोशी रंगमंचावर असतो, आणि विदूषक मध्येमध्ये येऊन त्या लबाडीचा एकेक टाका प्रेक्षकांसमोर उसवतो. संस्कृत परंपरेत राजाचा सोबती असलेला विदूषक इथे कुणब्याच्या बाजूने उभा राहिला. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाची चौकट घेऊन गावोगाव भटजी आणि सावकार यांची अशीच हजेरी घेतली, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशांतून ती वाट अस्पृश्यतेच्या प्रश्नापर्यंत नेली.